वायटूके: ‘काहीच झालं नाही’ यावरून नेमकं काय सिद्ध होतं?

चर्चा हवामानबदलाची असो, साथीची असो नाहीतर एआयची, कुणीतरी वायटूकेचं उदाहरण काढतंच. “जग बुडणार म्हणाले होते, साधा दिवासुद्धा गेला नाही. सगळा बागुलबुवा!” मग दुसरं कुणीतरी तितक्याच ठामपणे सांगतं, “लोकांनी दोन-तीन वर्षं खपून दुरुस्ती केली, म्हणून काही झालं नाही.” इथे वाद संपतो आणि दोघंही आपणच जिंकलो असं समजतात.

आता तुम्ही संशोधक म्हणून बघा. दोघांकडे पुरावा एकच आहे: १ जानेवारी २००० ची शांत सकाळ. एकाच निरीक्षणातून दोन उलटे निष्कर्ष तितक्याच सहज निघत असतील, तर या प्रश्नापुरतं ते निरीक्षण बिनकामाचं आहे. उत्तर दुसरीकडे शोधायला हवं. ते सापडतं, पण त्यासाठी आधी प्रश्न नीट फोडावा लागतो, आणि तेच या वादात कुणी करत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्मच त्यानंतरचा, म्हणून थोडक्यात सांगतो. ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या काळात जागा फार महाग होती. त्यामुळे वर्ष दोनच आकड्यांत लिहायची सवय पडली, १९६५ म्हणजे ६५. कार्डं गेली तरी सवय राहिली. २००० साल ‘००’ झाल्यावर १९३५ मध्ये जन्मलेल्या माणसाचं वय ६५ ऐवजी उणे ३५ येणार. बस, मूळ दोष एवढाच.

पण ‘वायटूके’ या एका नावाखाली तीन वेगवेगळे दावे फिरत होते. पहिला: बँका, विमा, पेन्शन, पगार यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तारखेची गणितं चुकतील. दुसरा: वीजकेंद्रं, विमानं, लिफ्ट यांच्यातल्या चिप मध्यरात्री बंद पडतील. तिसरा: त्यामुळे समाजच कोसळेल, तेव्हा धान्य भरून ठेवा. १९९९ च्या जानेवारीत ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर जगाचा अंत झळकला, तो या तिसऱ्या दाव्यामुळे. हे तीन दावे वेगळे आहेत आणि त्यांचा पुरावाही वेगळा लागतो. ‘वायटूके खरं होतं की खोटं’ असा सिनॉप्सिस कुणी दिला, तर गाइडने तो तिथल्या तिथे परत करावा.

पहिला दावा तपासू. इथे मला सर्वांत उपयोगी वाटते ती साधी काळाची क्रमवारी. गाजावाजा सुरू झाला तो साधारण १९९३ नंतर. त्या वर्षी पीटर डी यागर यांचा इशारा देणारा लेख ‘कंप्यूटरवर्ल्ड’मध्ये आला. पण अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने आपले प्रोग्रॅम सुधारायला १९८९ मध्येच सुरुवात केली होती. ओरड व्हायच्या आधीच सुरू झालेलं काम ओरडीमुळे सुरू झालं असं म्हणता येत नाही. दुसरं असं की पुढच्या तारखा हाताळणारे प्रोग्रॅम मध्यरात्रीची वाट बघत बसले नाहीत. मिशिगनमधल्या एका किराणा-भाजीच्या दुकानाने १९९७ मध्ये कॅश रजिस्टर विकणाऱ्यावर दावा ठोकला, कारण ‘००’ साली मुदत संपणारं क्रेडिट कार्ड आलं की यंत्रणा बंद पडायची. या पुराव्याचा १ जानेवारीशी काही संबंधच नाही, म्हणून तो जास्त वजनदार.

आणि ‘काहीच झालं नाही’ हेही खरं नाही. न्यूयॉर्क राज्यात एका व्हिडिओ लायब्ररीने गिऱ्हाइकाला कॅसेट शंभर वर्षं उशिरा परत केल्याबद्दल ९१,२५० डॉलरचा दंड दाखवला. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. शेफील्डचा फार कमी जणांना माहीत असतो. तिथल्या नॉर्दर्न जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांच्या डाउन सिंड्रोमच्या चाचणीचा धोका काढणारी संगणक प्रणाली वय चुकीचं धरू लागली. आईचं वय जास्त तर धोका जास्त, आणि इथे वयाचंच गणित बिघडलेलं. दीडशेहून जास्त स्त्रियांना धोका कमी असल्याचं चुकीचं सांगितलं गेलं. हे मे २००० पर्यंत चाललं. ना स्फोट, ना अंधार. फक्त कागदावर एक चुकीचा आकडा. पहिला दावा खरा ठरतो तो असा, आणि मध्यरात्री कॅमेरे लावून बसलेल्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं.

आता बागुलबुवा-पक्षाचा सर्वांत दमदार मुद्दा. इटली, रशिया, दक्षिण कोरिया यांनी अमेरिका-ब्रिटनच्या मानाने फार कमी तयारी केली होती, तरी तिथेही मोठं काही कोसळलं नाही. हा युक्तिवाद मला मनापासून आवडतो, कारण इथे निदान तुलना तरी आहे. ‘आम्ही वाचवलं’ म्हणणारे या मुद्द्याला सहसा बगल देतात, ते बरोबर नाही. पण ही तुलना स्वच्छ नाही. तिथल्या कारभारात जुने महाकाय प्रोग्रॅम कमी होते. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम आणि तयार सॉफ्टवेअर बहुतेक त्याच मोजक्या कंपन्यांचं. त्यांनी केलेली दुरुस्ती सगळीकडे पोचली. एका गटाला दिलेलं औषध दुसऱ्या गटाच्या पाण्यातही मिसळलं, तर त्याला कंट्रोल ग्रुप कसं म्हणणार?

तरीही या तुलनेतून एक गोष्ट पक्की निघते. चिपांचा दुसरा दावा खरा असता, तर कमी तयारीच्या देशांत वीज गेली असती. ती गेली नाही. बहुतेक चिप किती वेळ गेला एवढंच मोजतात, साल कुठलं हे त्यांना ठाऊकच नसतं. म्हणजे पहिला दावा खरा, दुसरा बराच फुगवलेला, तिसरा निव्वळ हवा. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने त्या देशाचा खर्च सुमारे १०० अब्ज डॉलर धरला होता. तोही असाच फोडून बघायला हवा. त्या निमित्ताने कंपन्यांनी जुनी यंत्रणा टाकून नवी घेतली. ती त्यांनी कधीतरी घेतलीच असती.

“पण यात पैसे कुणी कमावले ते बघा ना,” असं इथे हटकून ऐकू येतं. बरोबर आहे. भारतीय आयटी कंपन्यांना, आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसलाही, कोबोलच्या या दुरुस्तीने परदेशी गिऱ्हाइकांची दारं उघडून दिली. हितसंबंध दिसला की दावा जास्त काटेकोरपणे तपासा. पण नळ दुरुस्त करणाऱ्याला पैसे मिळाले म्हणून नळ गळत नव्हता असं होत नाही.

राहिलं लोकमत. आज आपण धरून चालतो की तेव्हा सगळे घाबरले होते. गॅलपने १९९८-९९ मध्ये अमेरिकेत पुन्हा पुन्हा विचारलं: मोठ्या अडचणी येतील, किरकोळ येतील की येणारच नाहीत? ‘मोठ्या’ म्हणणारे १९९८ च्या मध्यात निम्म्याच्या आसपास होते. डिसेंबर १९९९ मध्ये दहांत एकसुद्धा उरले नव्हते. तारीख जवळ आली तशी भीती कमी झाली. मुखपृष्ठांवरून लोकांचं मन ओळखायला गेलो तर नेमकं उलटं चित्र मिळतं. मात्र पाहणीतही खोट आहेच. ‘मोठी अडचण’ म्हणजे पगार उशिरा होणं की दंगल? तिन्ही दावे एकाच प्रश्नात कोंबलेले. गंमत म्हणजे अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने हा फरक ओळखला होता. बँकांचे संगणक चालतीलही, पण लोक घाबरून पैसे काढतील, म्हणून त्यांनी ५० अब्ज डॉलरच्या जादा नोटांची तयारी ठेवली. भीती हा त्यांनी वेगळा व्हेरिएबल धरला.

यावर काम करायचं असेल तर पुढची तारीख ठरलेली आहे. १९ जानेवारी २०३८, भारतात सकाळचे पावणेनऊ वाजत आलेले असताना, १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारे प्रोग्रॅम ओसंडतील. दुरुस्ती सुरू आहे, लिनक्सच्या गाभ्यात बरंचसं काम झालंय. कुठल्या प्रणालीत काय दोष सापडला, तो दुरुस्त केला की तसाच सोडला, याची नोंद तारखेच्या आधीच ठेवता येईल; २००० च्या वेळी ती विखुरलेली राहिली. आणि पुण्या-मुंबईत तेव्हा कोबोलच्या ओळी तपासत बसलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना काय काय सापडलं होतं, हे त्यांना जाऊन विचारता येईल.