जेसनमधील संख्या : एक उणीव

एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती धाडायची आणि उत्तर घ्यायचे, हा व्यवहार आज बहुधा जेसन या लेखनपद्धतीत चालतो. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती २००१च्या सुमारास पुढे आणली. व्याकरण इतके आटोपशीर की नववीचा विद्यार्थी ते एका तासिकेत शिकेल : महिरपी कंसात नाव आणि किंमत यांच्या जोड्या, चौकटी कंसात यादी, अवतरणचिन्हांत मजकूर. एक्सएमएलमध्ये माहितीच्या प्रत्येक तुकड्याभोवती उघडणारी व बंद करणारी खूण लिहावी लागे. तो पसारा जेसनने आवरला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

परंतु या आटोपशीरपणात एक गोष्ट मोकळी राहिली. संख्या कशी लिहावी हे जेसन सांगते. वाचणाऱ्याने ती किती अचूक साठवावी, हे सांगत नाही. समजा, आपल्या विनंतीला उत्तर आले. सोबतचा स्थितिदर्शक अंक २००, म्हणजे सारे सुरळीत. आतील क्रमांक ९००७१९९२५४७४०९९३. पायथॉन तो जसाच्या तसा वाचते. जावास्क्रिप्टने नेहमीच्या रीतीने वाचला, की शेवटच्या ३चे २ होतात! तिच्या साध्या संख्येला ५३ बिटांएवढीच अचूकता असते; २च्या ५३व्या घातापुढे प्रत्येक पूर्णांकाला जागा पुरत नाही. चुकीची सूचना मात्र कोठेच येत नाही.

ही निव्वळ कल्पना नव्हे. ट्विटरने २०१०मध्ये संदेशांना ६४ बिटांचे क्रमांक देण्याचे ठरवले, तेव्हा याच अडचणीमुळे तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवावा लागला. २०१७च्या आरएफसी ८२५९ मध्ये या मर्यादेचा इशारा आहे. पण तो इशाराच, नियम नव्हे. साठवणुकीची पद्धत ज्याची त्याने ठरवावी, असे समर्थक म्हणतील. ठीक, मग एकाच उत्तराचे दोन अर्थ झाल्यास दाद कोणाकडे मागायची?

(जाता जाता : जेसनमध्ये नावे देवनागरीत चालतात, देवनागरी अंक मात्र संख्या म्हणून चालत नाहीत.)

तोवर शिक्षकांनी एवढे करावे. परीक्षाक्रमांक, खातेक्रमांक यांची बेरीज कोणी करीत नाही. ते अवतरणचिन्हांतच धाडायला शिकवावे. शून्याने सुरू होणारा क्रमांक संख्या म्हणून लिहायला तर जेसनची मुळातच मनाई आहे.