मांडीवरचं वाचन : आनंद आणि उपदेश

समोर अंगणवाडीताई आहेत, शिक्षक आहेत, आणि मागे लेकरं मांडीवर घेऊन बसलेले काही आईबापही दिसताहेत. झरी जामणीसारख्या ठिकाणी ‘घरात लहान मुलांबरोबर रोजचं वाचन’ असा विषय ठेवला, याचं मला बरं वाटलं. माझा विषय तत्त्वज्ञान. पण या साध्या दिसणाऱ्या गोष्टीत एक जुना वाद दडलेला आहे आणि त्याचा निकाल आपण फारसा विचार न करता लावून टाकला आहे. म्हणून आज त्याची उलटतपासणी करू.

वाद असा. चार वर्षांच्या मुलाला गोष्ट का वाचून दाखवायची? त्याला घडवायचं म्हणून, की त्याच्यासोबत मजा येते म्हणून?

आपण कोणते शब्द वापरतो ते बघा. ‘वाचनसंस्कार’ म्हणतो. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतो. संस्कार म्हणा, प्रेरणा म्हणा, नजर उद्यावर असते. पोरगं उद्या हुशार होईल, चांगलं वागेल, परीक्षेत पुढे जाईल. आज संध्याकाळी, या क्षणी, त्याला आणि मला काय मिळतं, याला आपल्याकडे शब्दच नाही.

हा पक्ष जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की आया आणि दाया मुलांना ज्या गोष्टी सांगतात त्या आपण निवडून द्यायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या. कोवळ्या मनावर पहिला ठसा उमटतो, म्हणून राज्याने गोष्टींवर पहारा ठेवायचा. आपल्या पंचतंत्रातही विष्णुशर्मा तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करायचा विडा उचलतो आणि गोष्टी हे त्याचं साधन असतं. एक फरक मात्र आहे. पंचतंत्रातले कोल्हे, कावळे, मगरी इतके मजेदार आहेत की शिकवण विसरून पोरं गोष्ट लक्षात ठेवतात. प्लेटोला हीच भीती होती.

आपल्या घरांत मोठ्यानं वाचायची परंपरा नव्हती, असं कुणी म्हणू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधराने हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप लिहिले आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं चातुर्मासात त्या पोथ्या घरोघरी, देवळोदेवळी लागत राहिल्या. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे. विदर्भात १९५५ नंतर तुकडोजी महाराजांची ग्रामगीता अशीच वाचली गेली. लहान मुलं त्या बैठकीत असायची, कुणाच्या तरी मांडीवर, अर्धी झोपेत. वाचन त्यांच्यासाठी नव्हतं, पण आवाज त्यांच्या कानावर पडायचा. लिहितावाचता न येणारी आजीही त्या वाचनात पूर्णपणे सामील असायची. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागेल.

आता एका पुस्तकाची समीक्षा करू, कारण घरात मुलांना काय वाचून दाखवायचं असं विचारलं की शंभरातले नव्वद जण त्याचंच नाव घेतात. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये चार-पाच दिवसांत लिहिलं, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. त्याच्या थोरवीबद्दल मी वेगळं बोलत नाही. मला त्याच्या रचनेबद्दल बोलायचं आहे, कारण तिकडे आपलं लक्ष जात नाही.

या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. आश्रमातली मंडळी प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम सांगतो. कधी त्याला बरं नसतं, मित्र म्हणतात आज राहू दे. म्हणजे मराठीतलं हे सर्वांत लाडकं पुस्तक मुळात रोज रात्री ठरल्या वेळी एकत्र बसून ऐकण्याचं पुस्तक आहे. एका बैठकीला एक प्रसंग, थकवा असेल तर सुट्टी, उद्याची ओढ ठेवून थांबणं. घरातल्या वाचनाची याहून चांगली रीत कुठे सांगितलेली मला ठाऊक नाही. आपण मात्र त्यातला बोध उचलला आणि बैठक सोडून दिली. पोरगं एकटं कोपऱ्यात बसून ‘श्यामची आई’ वाचतंय, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘काय शिकलास?’

दुसरं निरीक्षण. या पुस्तकात दोन आवाज आहेत. आई करते आणि श्याम समजावतो. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तिथे आई त्याला कशी बाहेर काढते, हे वाचताना पोरं डोळे मोठे करून ऐकतात. भाजीत मीठ पडलेलं नसतं आणि वडील न बोलता जेवतात, तिथेही ऐकतात. पण प्रसंग संपल्यावर श्याम जेव्हा प्रेमावर, सेवेवर, मातृभूमीवर बोलायला लागतो, तेव्हा सहा वर्षांचं मूल चुळबुळ करतं. ती चुळबुळ ही त्या मुलाची समीक्षा आहे, आणि माझ्या मते ती बरोबर आहे. मोठ्यानं वाचणाऱ्याच्या हातात एक अधिकार असतो, गाळण्याचा. तो खुशाल वापरा. गुरुजी रागावणार नाहीत. ते स्वतः मुलांचे होते.

तिसरं, वयाचं. त्या पुस्तकात कर्जावरच्या रात्री आहेत. सावकाराची माणसं दारात येतात, घराची अब्रू जाते, आई खंगत जाते, मरते. यवतमाळ जिल्ह्यात हे प्रसंग म्हणजे नुसतं वाङ्मय राहत नाही. ज्या घरात कापसाचे पैसे आले नाहीत, जिथे बाप रात्री जागा असतो, तिथे पाच वर्षांच्या पोराला झोपायच्या आधी त्या रात्री वाचून दाखवणं मला क्रूर वाटतं. बाराव्या-तेराव्या वर्षी, शेजारी बसून, बोलत बोलत जरूर वाचा. तेव्हा ते पुस्तक आधार देईल. प्लेटोसारखं मीही निवड करतोय, असं कुणी म्हणेल. करतोय. पण त्याने राज्यासाठी निवडलं, मी या एका लेकराच्या या एका रात्रीसाठी निवडतोय, आणि निवडणारे तुम्ही, त्याला ओळखणारे, असावेत असं म्हणतोय.

आणि चौथं, पत्रावळीची रात्र. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, म्हणून घरात त्याला ऐकून घ्यावं लागतं आणि मग तो हट्टानं शिकतो. आता हा प्रसंग झरी जामणीच्या एखाद्या पोडावर वाचून बघा. इथल्या पोराच्या घरामागे पळस आहे. पानं कशी टाचायची हे त्याने आजीच्या हाताकडे बघून कधीच शिकलेलं असतं. कोकणातल्या श्यामला जे येत नाही ते इथल्या कोलामाच्या पोराला येतं! त्याला ते सांगू द्या. वाचन थांबवा, त्याला पानं आणायला लावा. त्या रात्रीपुरता तो पुस्तकातल्या नायकाच्या पुढे असतो. असा मान आपण या मुलांना पुस्तकाच्या बाबतीत किती वेळा देतो?

आता दुसऱ्या पक्षाचे लेखक. विंदा करंदीकरांनी २००३ मध्ये ‘अष्टदर्शने’ लिहिलं. त्यात देकार्त आहे, स्पिनोझा आहे, कांट आहे, आपला चार्वाकही आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने टेबलावर ठेवावं असं पुस्तक. त्याच विंदांचं ‘राणीची बाग’ १९६१ मधलं, मुलांसाठी. त्यात प्राणी माणसांसारखे चमत्कारिक वागतात आणि कुणीही सुधारत नाही. एवढा विचारी कवी मुलांशी बोलताना उपदेश बाजूला ठेवतो, कारण शब्दांशी खेळणं हीच मुलाची पहिली विचारक्रिया आहे, हे त्याला कळलेलं असतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. घरातली माणसं जशी असतात तशी आहेत, आणि भाषा घरात बोलतात ती. मूल ऐकतं आणि म्हणतं, ‘आपल्याकडे असं नाही.’ इथे बोलणं सुरू होतं. मुलाच्या पुस्तकाची माझी कसोटी हीच आहे. पान उलटण्याआधी मुलाला काही बोलावंसं वाटलं पाहिजे.

पुन्हा प्लेटोकडे येतो, पण दुसऱ्या संवादाकडे, ‘फीड्रस’कडे. तिथे सॉक्रेटिस लिखाणाविरुद्ध तक्रार करतो. लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो, जिवंत वाटतो, पण प्रश्न विचारला तर गप्प राहतो. अडीच हजार वर्षांत या तक्रारीला पुष्कळ उत्तरं दिली गेली. मला सर्वांत पटणारं उत्तर मांडीवरच्या वाचनात आहे. मूल विचारतं, ‘वाघ का रडतो?’ पुस्तक गप्प असतं, पण आई गप्प नसते. ती म्हणते, ‘तुला काय वाटतं?’ तिच्या आवाजामुळे पुस्तक उत्तर देऊ लागतं. तेच पान दहा वेळा वाच म्हणून मूल हट्ट करतं, कारण पान तेच असलं तरी बोलणं दर वेळी वेगळं होतं. आपण कंटाळतो, ते कंटाळत नाही.

आता खरी अडचण. शहरातले तज्ज्ञ सांगतात, रोज मुलाला वाचून दाखवा. इथे ऐकणारी आई म्हणते, मला वाचता येत नाही. किंवा म्हणते, पुस्तक मराठीत आहे, आम्ही घरी कोलामी बोलतो. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये तिच्यावर आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे जगातल्या विद्यापीठांत तिला जागा मिळाली आणि आपल्या मुलांच्या पुस्तकांत जवळजवळ नाही. अशा आईला ‘रोज वाचा’ हा सल्ला देणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक कमीपणा ठेवणं आहे. मुलाचं नुकसान तुझ्यामुळे होतंय, असं तिला आडून सांगणं आहे. या सल्ल्यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे.

पण मघाशी पोथीतली आजी धरून ठेवा म्हटलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं, तरी ती वाचनात होती. चित्रांचं पुस्तक उघडून आईने कोलामीत गोष्ट रचली, तर ते वाचनच आहे. पुरंदरे यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘चित्रवाचन’ आहे. चौथीतली ताई मराठी ओळ वाचेल, आजी तिचा कोलामीत अर्थ सांगेल, धाकटा मध्येच काहीतरी तिसरंच बोलेल. एक वाचणारा, एक सांगणारा, बाकी ऐकणारे. पोथीची बैठकच ही, फक्त आता धाकटा मधोमध बसलेला आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्या शाळाच वारल्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला आणि १९७५ च्या सरकारी योजनेमुळे तो देशभर गेला. तुम्ही ताई त्या शब्दाच्या वारस आहात. तेव्हा एक मागणं तुमच्याकडे. अंगणवाडीतली पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. रात्रीपुरती घरी जाऊ द्या. एखादं फाटेल, एखाद्यावर डाळ सांडेल. पुस्तक घरात राहून आलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आईबापांना एवढंच. कापूस वेचून आल्यावर अंगात त्राण नसतं, मला माहीत आहे. तेव्हा अर्धा तास म्हणत नाही, दहा मिनिटं म्हणतो. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी श्यामच्या मित्रांसारखं म्हणा, आज राहू दे. आणि गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका. ‘उद्या कुठली?’ विचारा.

माझं बोलणं इथे थांबवतो. कोलामीत कुणाला एखादी गोष्ट सांगायची असेल तर आता सांगा. मला कळणार नाही, पण मी ऐकेन, आणि शेजारच्या कुणीतरी अर्थ सांगावा.