‘तक्रार नाही’ म्हणजे ‘आजार नाही’? गडचिरोलीचा एक पेपर पुन्हा वाचताना

स्त्री-आरोग्यावर संशोधन करायचं असेल तर एक पेपर तुमच्या वाचनात येणारच. जानेवारी 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला, डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या 650 बायकांशी बोलून, त्यांची आतून तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या करून तो लिहिला आहे. तोपर्यंत आपल्याकडचे आकडे बहुतेक दवाखान्यात आलेल्या बायकांचे असत. जी दवाखान्यात आलीच नाही, तिचं काय, हा प्रश्न या पेपरने विचारला.

यातला 92 टक्के हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, आणि बऱ्याचदा चुकीचा वापरला जातो. ‘खेड्यातल्या 92 टक्के बायकांना योनीमार्गाचा जंतुसंसर्ग’ असं पेपर म्हणत नाही. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी निदान एक आजार आढळला आणि एकूण आजारांत जंतुसंसर्गाचा वाटा निम्मा होता, असं तो म्हणतो. शिवाय ही दोन गावं आहेत, अख्खा भारत नव्हे. आकडा उचलताना त्याचं शेपूट तोडू नका.

मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दुसरे दोन आकडे. 55 टक्के बायकांनी तक्रार सांगितली, 45 टक्क्यांनी नाही. आता कागद घ्या. 650 चे 45 टक्के म्हणजे साधारण 292. निरोगी निघाल्या फक्त 8 टक्के, म्हणजे 52. त्या सगळ्या 52 जणी ‘तक्रार नाही’ गटातल्याच होत्या असं धरलं, तरी उरतात 240. म्हणजे काही त्रास नाही म्हणणाऱ्या दर पाच जणींमध्ये किमान चार आजारी. आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या एकूण 8 टक्के.

इथे माझा आक्षेप पेपरवर कमी, त्याच्या वाचनावर जास्त आहे. ‘लक्षणं नाहीत’ आणि ‘सांगितली नाहीत’ हे आपण एकच समजतो. तुमसर तालुक्यातलं चिखला, मँगनीजच्या खाणीचं गाव, डोळ्यांपुढे आणा. तुम्ही प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसलात. सासू शेजारी, पोरं अंगणात. ‘काही त्रास आहे का?’ ‘काही नाही जी.’ तुम्ही ‘नाही’वर खूण केली. पण अंगावरून पांढरं जाणं हे बाईच्या जातीला असतंच, असं ती धरून चालली असेल तर? तुमच्या रकान्यात ती निरोगी झाली.

उलट बाजूही आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 2494 बायकांचा अभ्यास केला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 14.5 टक्के बायकांनी पांढरं जाण्याची तक्रार केली, पण या तक्रारीचा ठळक संबंध मानसिक आणि सामाजिक ताणाशी दिसला. म्हणजे तक्रार आहे पण संसर्ग नाही, असंही होतं. सरकारी केंद्रात लक्षणांवरून जे हिरवं पाकीट देतात, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ते उपयोगी आहेच. पण ज्या बाईला संसर्गच नाही तिलाही ते मिळतं, आणि जी बोललीच नाही तिला मिळत नाही.

मग दवाखान्यात जायचं कधी? थोडा, पांढुरका, वास नसलेला स्राव पाळीच्या चक्रात कमीजास्त होतो. तो आजार नाही. माशासारखा वास, दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज, पिवळा-हिरवा फेसाळ स्राव, जळजळ किंवा फोड असेल तर दाखवावं. या तिन्ही प्रकारच्या स्रावांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. शेजारणीची गोळी चालत नाही. पिवळ्या-हिरव्या फेसाळ स्रावाच्या संसर्गात नवऱ्यालाही औषध लागतं. ओटीपोटात दुखून ताप आला, किंवा गरोदरपणी यातलं काहीही झालं, तर त्याच दिवशी जावं. संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त गेलं तर तपासणी टाळू नये. तिथे कर्करोगाची शंका दूर करावी लागते.

ही यादी खरी आहे, पण ती गृहीत धरते की बाई ओळखेल, बोलेल, आणि दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाईल. गडचिरोलीच्या पेपरने या गृहीताचाच पाया काढून घेतला. म्हणून त्याचा निष्कर्ष होता की स्त्रीरोगांची सेवा प्राथमिक आरोग्यसेवेतच हवी.

तुम्ही प्रश्नावली बनवत असाल तर दोन गोष्टी करा. ‘त्रास आहे का?’ ऐवजी वास, रंग, खाज, दुखणं असं एकेक विचारा, तिच्या शब्दांत आणि एकांतात. आणि गावात जाण्याआधी ठरवा, की ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वारी आणि कुणाच्या खर्चाने पाठवणार आहात. हे ठरलं नसेल, तर तो प्रश्न विचारायचा अधिकार अजून आपल्याला मिळालेला नाही.