काळयंत्राची कळ कोणाच्या हाती?

चित्रपट्टी हे वाङ्मय आहे की नाही, याचा काथ्याकूट आमच्या समीक्षकांनी खुशाल करावा. मला त्यात रस नाही. पोरांच्या हाती जे पडते ते त्यांच्या डोक्यात घर करते, आणि डोक्यात घर करणाऱ्या गोष्टीची झडती घेणे हे समीक्षेचे काम आहे. म्हणून 'ॲली ऊप' या अमेरिकन चित्रपट्टीकडे मी वळतो.

व्ही. टी. हॅम्लिन या चित्रकाराने ती १९३२च्या अखेरीस सुरू केली. नायक गुहेतला माणूस. कमरेला कातडे, हातात दगडी हत्यार, बसायला डिनी नावाचा डायनोसॉर. मू नावाचे राज्य, त्याचा गझ नावाचा राजा. (डायनोसॉर आणि माणूस यांच्यामध्ये साडेसहा कोटी वर्षे आहेत, पण गंमत करणाऱ्याकडे पंचांग मागू नये.) पुढे एप्रिल १९३९ मध्ये हॅम्लिनने विसाव्या शतकातला एक शास्त्रज्ञ आणला, डॉ. वनमग. आईनस्टाईनच्या नावाची ही थट्टा: 'आइन' म्हणजे एक, 'स्टाइन' म्हणजे बिअरचा मग. या वनमगच्या काळयंत्राने ऊप आणि त्याची मैत्रीण ऊला यांना थेट आजच्या जगात ओढून आणले. तेव्हापासून ऊपला साऱ्या इतिहासाचे रान मोकळे झाले. ट्रॉयचे युद्ध, क्लिओपात्राचा दरबार, कुठेही जावे.

ऊप मला आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो राजापुढे वाकत नाही. त्याला पोथी नाही, गोत्र नाही, पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे नाहीत. सगळाच इतिहास त्याला सारखाच परका, म्हणून कुठल्याच सिंहासनाचा त्याला धाक वाटत नाही. प्रस्थापितांच्या बालवाङ्मयात असा नायक दुर्मिळच. आमच्याकडची पोरे इतिहासात जातात ती कोणाच्या तरी घोड्याचा लगाम धरायला.

पण यंत्र नीट पाहा. कळ वनमगच्या हाती आहे. कोणत्या शतकात जायचे आणि केव्हा परत यायचे, हे प्रयोगशाळेत ठरते. तिकडे मार खायला आणि द्यायला जातो तो ऊप. डोके एकाचे, अंग दुसऱ्याचे. ही विभागणी आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. हॅम्लिनने मनुस्मृती वाचली असेल असे मी म्हणत नाही. ती न वाचताही हे चित्र काढता येते, हेच तर भयंकर आहे.

दुसरी गोष्ट त्याच महिन्यातली. ऊप विसाव्या शतकात आला त्या एप्रिल १९३९ च्या ९ तारखेला मॅरियन अँडरसन ही काळी गायिका वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकासमोर उघड्यावर गायली. ऐकायला सुमारे ७५ हजार माणसे होती. उघड्यावर का? तर 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेने आपले सभागृह तिला नाकारले होते. या संस्थेत शिरायचे तर अमेरिकन क्रांतीतल्या पूर्वजापासून आपल्यापर्यंतची वंशावळ सिद्ध करावी लागते. म्हणजे ज्या देशातल्या चित्रपट्टीत वंशावळ नसलेला गुहामानव प्रयोगशाळेत पाहुणा म्हणून वावरतो, त्याच देशात ज्यांच्या पूर्वजांना बेड्या घालून आणले त्यांची लेक सभागृहाच्या दाराशी अडते. ऊपला प्रवेश मिळतो, कारण तो कोणाचा हिशेब मागत नाही.

हिशेब मागणारा काळप्रवास ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या लेखिकेने १९७९ साली 'किंड्रेड' या कादंबरीत लिहिला. २०१७ मध्ये तिची चित्रकादंबरीही झाली. तिथे यंत्रच नाही. १९७६ सालची डॅना ही काळी तरुणी एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या मळ्यावर खेचली जाते, आणि तिथे तिला जपावे लागते ते गुलामांच्या मालकाच्या पोराला. कारण तोच तिचा पूर्वज आहे. तो मेला तर तिचा वंशच उभा राहायचा नाही. तिथे ती पाहुणी नाही. कातडीचा रंग दिसताच ती गुलाम ठरते. शेवटी ती परतते ती एक हात गमावून. ऊपला लागलेला मार पुढच्या पट्टीपर्यंत बरा होतो.

ही कादंबरी वाचल्यावर मला आमच्या मराठीतले 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवले. जयंत नारळीकरांच्या या कथेत पंत अशा जगात पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे, आणि मुंबईच्या ग्रंथालयात बसून तो इतिहास चाळतात. कल्पना अस्सल आहे. पण ते खंड माझ्या हाती पडते, तर विश्वासराव वाचले की नाही हे मी नंतर पाहिले असते. आधी महारवाड्याचे पान शोधले असते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'च्या निबंधात पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे: आमच्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. वनमगने मला त्या पुण्यात उतरवले, तर परतीची कळ दाबेपर्यंत मी काय करायचे? माझी थुंकी कुठे पडते, एवढेच सांभाळत बसायचे?

'ॲली ऊप' आजही निघते. जोनाथन लेमन आणि जोई ॲलिसन सेयर्स २०१९ पासून ती करतात, आणि रविवारच्या पट्टीत त्यांनी ऊपचे बालपण आणले आहे. मोकळा, दांडगट पोरगा. तो आमच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरला तर मास्तर त्याला घेतीलही, पण दाखल्यावरचा जातीचा रकाना भरताना त्याला काय विचारतील, हे मला चित्रात पाहायला आवडेल.