पुन्हा पाहण्याचं मोल

ठाकूरद्वारला बोलायचं म्हणजे मला चाळीच्या गॅलरीत उभं राहून गप्पा मारल्यासारखं वाटतं. तेव्हा आज तत्त्वज्ञानाचा माणूस टीव्हीवर काय बोलणार, असं मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. प्रश्न माझ्या नातीने काढला. मी मोबाइलवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चा एक भाग बघत होतो, बहुधा पाचव्यांदा. ती म्हणाली, "आजोबा, एवढं नवीन येतंय, आणि तुम्ही तेच ते काय बघता?" मी उत्तर दिलं नाही. आज देतो.

हा प्रश्न फक्त आजोबांचा नाही, मोठ्या पैशाचा आहे. 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका 2004 मध्ये संपली. 2019 या एका वर्षाच्या हक्कांसाठी नेटफ्लिक्सने सुमारे 10 कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. 'द ऑफिस' 2013 मध्ये संपली. 2020 मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगवर नील्सनच्या मोजणीनुसार तीच सर्वांत जास्त पाहिली गेली, सुमारे 5700 कोटी मिनिटं. आपल्याकडे त्याच वर्षी टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' काढलं, त्याबरोबर 'देख भाई देख', 'श्रीमान श्रीमती' ही काढलं, आणि लोक पुन्हा टीव्हीसमोर बसले.

यावरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुनं स्वस्त आणि खात्रीचं, नव्यावर पैसे कशाला उधळायचे? दुसरा म्हणतो, हे स्मरणरंजन आहे, त्याने नव्या लेखकाची जागा अडते. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण दोघंही किंमत आणि मोल यांत गल्लत करतात.

आधी एक कोडं बघा. विनोद विस्मयावर जगतो असं आपण मानतो. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की तो शिळा. मग टिपऱ्यांच्या घरात पुढे काय होणार हे पाठ असताना मला हसू का येतं? याचं उत्तर इथून दोन पावलांवर आहे. झावबाच्या राममंदिरात रामनवमीला जमणाऱ्यांना बाराच्या ठोक्याला काय होणार ते ठाऊक असतंच. कुणी म्हणतं का, गेल्या वर्षी ऐकलं, आता नको? तिथे आपण बातमी ऐकायला जात नाही, ओळखीच्या माणसांकडे जातो. प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचंही तसंच. पहिल्यांदा आपण प्रसंगाला हसतो, नंतर माणसाला हसतो. 'आता आबा काहीतरी बोलणार' या वाट पाहण्यात अर्धं हसू असतं.

टिपऱ्यांचं मूळ दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकात. रोजनिशीचं रूप आहे, बरं का. म्हणजे घटना लहान आणि माणसं मोठी. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली आणि चार वर्षं चालली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. यांतला कुणीही खलनायक नाही, कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही. दर आठवड्याला एकदा ही माणसं भेटत, मधले सहा दिवस आपले असत. ओळख अशीच होते, हळूहळू.

आता उलट उदाहरण. 'साराभाई वर्सेस साराभाई' 2004 मध्ये आली. घर कफ परेडचं, म्हणजे आपल्यापासून टॅक्सीच्या अंतरावर आणि तरी दुसऱ्या जगात. मायाचे टोमणे आणि मोनिशाची काटकसर बघताना ठाकूरद्वारचा माणूस मोनिशाच्या बाजूने हसायचा. 2017 मध्ये हॉटस्टारने तीच मालिका नव्याने केली. नट तेच, लेखणी तीच. मला ती फसलेली वाटली. पहिल्या वेळी माया टोमणा मारायची, कारण ती तशी होती. दुसऱ्या वेळी तो टोमणा आपल्याला आवडतो हे तिला कळलं होतं.

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने 1843 मध्ये 'पुनरावृत्ती' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला निवेदक पूर्वीच्या आनंदासाठी पुन्हा बर्लिनला जातो. तीच खोली, तेच थिएटर, तोच फार्स. आणि काही केल्या हसू येत नाही! गेलेला आनंद ऑर्डर देऊन मागवता येत नाही. 'साराभाई'च्या दुसऱ्या पर्वात निर्मात्यांची तीच चूक झाली. जुना भाग पुन्हा लावणं वेगळं. त्यात काम तेच राहतं आणि आपण बदललेले असतो. 2025 मध्ये सतीश शहा गेले. आता इंद्रवदनच्या त्याच खोडीला हसताना घशाशी काहीतरी येतं. हे नवीनच आहे, आणि ते जुन्या भागातून मिळालं.

म्हणजे मी जुन्याचा वकील झालो का? नाही. आजचं प्रत्येक जुनं कधीतरी कुणीतरी धोका पत्करून नवं केलेलं होतं. फक्त जुन्यावर जगणारी सेवा बियाणं दळून खाते. आणि नवं करायचं तर त्याला मुरायला वेळ द्यायला हवा. एका रात्रीत आठ भाग ओतायचे आणि महिनाभरात आकडे बघून गाशा गुंडाळायचा, यात ओळख कधी व्हायची? 'आणि काय हवं' ही मराठी वेबमालिका बघा. 2019 ते 2021, तीन पर्वं. जुई आणि साकेत, नवरा-बायको, पहिली गाडी, पहिलं घर, एवढंच. पण तीन पर्वं मिळाली म्हणून ती दोघं आपल्या ओळखीची झाली. ती पुन्हा बघावीशी वाटतात.

आणि आता खरी गोष्ट. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याच दशकात चि. वि. जोशींच्या कथांवरून 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आलं. मी नुकताच शिकवायला लागलो होतो. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, त्या दाराबाहेर चपलांचा ढीग. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. मला ते पुन्हा बघायचंय. बघता येत नाही, कारण थोडेच भाग उरलेत. तेव्हा टेप महाग होती, पुसून तिच्यावर दुसरं चित्रित करत. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. 'पुन्हा कोण बघणार?' एवढंच. बीबीसीनेही तेच केलं, 'डॅड्स आर्मी'चे तीन भाग आजही सापडलेले नाहीत. उलट अमेरिकेत 1951 मध्ये 'आय लव्ह लूसी' फिल्मवर चित्रित झाली आणि कलावंत जोडप्याने मालकी स्वतःकडे ठेवली, म्हणून ती आजही दिसते. बाळ कर्वेही 2025 मध्ये गेले. त्यांचा गुंड्याभाऊ नातीला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

तुम्ही म्हणाल, आता सगळं डिजिटल आहे, काही पुसलं जात नाही. असं नाही. डिस्नेने 2022 ची 'विलो' ही आपली नवीकोरी मालिका 2023 मध्ये स्वतःच्याच सेवेवरून काढून टाकली. हिशेबात बसेना. ज्या नव्या मालिकेची ना सीडी निघते ना कॅसेट, तिची अवस्था 1970 च्या दशकातल्या टेपसारखीच आहे. प्रत एकाच मालकाकडे, आणि ती परवडेपर्यंतच.

म्हणून जुनं की नवं, हा वाद मला दुय्यम वाटतो. मोल पुन्हा पाहण्यात आहे आणि त्यासाठी वस्तू उरायला हवी. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत द्यावी लागते. कुणी वाचो न वाचो. मालिकेला असं बंधन का नसावं? दाखवण्याचे हक्क मालकाकडे राहू देत, पैसे त्यालाच मिळू देत. पण एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा झालीच पाहिजे, मग ती स्ट्रीमिंगची असो वा वाहिनीची. तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी हे करारात घालून घ्यावं, आणि जे मतदार आहेत त्यांनी मागावं.

नातीला माझं उत्तर एवढंच. तू नवीन बघ, मीही बघीन. पण त्यातलं जे तुला आवडेल, ते तुझ्या नातीला तेच ते म्हणून कंटाळायला तरी शिल्लक राहू दे.