वशिल्याचे नवे नाव

लिंक्डइनवरील मजकूर साहित्य म्हणून वाचायचा काय, असे आमचे प्रस्थापित समीक्षक विचारतील. माझ्या मते ते आत्मकथनच आहे. फक्त त्यात भूक नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली जगणे उघडे केले. येथे माणूस जगणे झाकतो आणि कर्तृत्व तेवढे मांडतो. झाकले जात नाही ते आडनाव.

आडनाव काय करते हे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली दाखवून दिले. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, आडनावे तेवढी वेगळी. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. माझा एक विद्यार्थी तेथे आडनावाच्या जागी बापाचे नाव लावतो. त्याला भेकड म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही.

आणि हे ‘नेटवर्क’ म्हणजे तरी काय? आपण ज्याला वशिला म्हणत आलो तेच! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील एक हजार कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चवर्णीय आढळले. ज्याचा बाप गिरणीत खपला त्याच्या खात्यात यांच्या ओळखी कोठून याव्यात? कंपन्यांच्या आचारसंहितेत लाच वर्ज्य असते, दिवाळीच्या भेटीवरही बंधन असते. आपल्या ओळखीचा माणूस आणून देणाऱ्या नोकराला मात्र त्याच कंपन्या रोख बक्षीस देतात, आणि ते उघड, नियमात बसवून.