नासदीय सूक्त आणि महास्फोट

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात महास्फोटाचा सिद्धान्त शोधणारे लेखन आमच्या वाचनात वारंवार येते. ते आम्हांस मान्य नाही. सृष्टीचा अध्यक्षही तिचे मूळ जाणत असेल वा नसेल, या संशयावर सातवी ऋचा संपते. त्या संशयातच सूक्ताचे मोठेपण आहे.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वोत्पत्तीच्या नव्या सिद्धान्तात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा त्या सिद्धान्ताचे आद्य प्रवर्तक लमेत्र यांनाच, स्वतः धर्मगुरू असूनही, ते रुचले नाही. निरीक्षणाने सिद्धान्त उद्या बदलू शकतो. श्रद्धा त्याच्या आधारे उभी राहिली, तर त्याच्याबरोबर ढळेल. ऋषीने मोकळ्या ठेवलेल्या प्रश्नाला उसने उत्तर चिकटविणे हा त्याचा गौरव नव्हे, असे आम्हांस वाटते.